तूप खालून थिजतं, तळं वरून

दर जानेवारीत श्रीनगरच्या दल सरोवराचे व्हिडिओ फोनवर फिरू लागतात. चिल्लई कलानचे, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. शिकारावाला वल्ह्याने काचेसारखा बर्फ फोडत वाट काढत असतो. पणजीत त्या वेळी पहाटे वीसेक अंश असतात आणि तेवढ्यावरच आपण कपाटातून शाल काढलेली असते. व्हिडिओखाली एक प्रश्न हमखास असतो: खालच्या माशांचं काय होत असेल? उत्तरही ठरलेलं: "पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून बर्फ वर तरंगतो आणि मासे जगतात."

या उत्तरातला "म्हणून" चुकीचा आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकीला एक चिकटवल्या आहेत. बर्फ पाण्यावर तरंगतो, ही एक. गोठण्याआधीच, चार अंशांना, पाणी सर्वांत जड होतं, ही दुसरी. शाळेच्या पुस्तकात दोन्ही "पाण्याचे असंगत आचरण" या एकाच मथळ्याखाली येतात आणि मग जन्मभर एकच वाटतात. तळ्यातल्या जिवांसाठी दोघींची कामं निरनिराळी आहेत, आणि त्यातली एक दुसरीपेक्षा कितीतरी भारी आहे.

## आधी तुपाची बरणी

घरचं कढवलेलं तूप थंडीत थिजायला लागतं तेव्हा बरणीकडे नीट पाहा. रवा तळाला बसलेला असतो आणि वर पातळ, पिवळं तूप असतं. खोबरेलाचंही तेच. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या थंड पहाटे बाटली अर्धी पांढरी झालेली असते. पण त्यातला गोठलेला तुकडा सुटा झाला तर वर येत नाही, खाली जातो. जगातले बहुतेक पदार्थ असेच वागतात. थंड झाले की आकसतात, गोठले की आणखी आकसतात, आणि आकसलेलं जड असल्यामुळे तळ गाठतं.

यासाठी लागणारा एकच शब्द म्हणजे घनता: ठरावीक जागेत किती वजन मावतं. घरावरची हजार लिटरची टाकी डोळ्यांपुढे आणा. ३० अंशांच्या पाण्याने ती काठोकाठ भरली तर आत ९९५.६५ किलो पाणी असेल. २० अंशांचं पाणी भरलं तर ९९८.२ किलो. चार अंशांचं भरलं तर ९९९.९७ किलो. इथवर सगळं तुपासारखंच. पण शून्य अंशाचं, अजून न गोठलेलं पाणी भरलं तर वजन वाढायच्या ऐवजी किंचित उतरतं: ९९९.८४ किलो. आणि टाकीभर बर्फ असेल तर फक्त ९१७ किलो.

चार अंशांचं पाणी आणि शून्याचं पाणी यांत फरक किती? हजार लिटरमागे १३० ग्रॅम. एक मध्यम बांगडा. शून्याचं पाणी आणि बर्फ यांत? ८३ किलो. एक धडधाकट माणूस. पुढे या लेखात "बांगड्याचा फरक" आणि "माणसाचा फरक" असं म्हटलं की या दोन गोष्टी समजायच्या.

आणखी एक: मराठीत आपण दोन्हींना बर्फच म्हणतो, पण इथे बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी आणि हिम म्हणजे वरून पडणारा भुसभुशीत थर. हा भेद पुढे लागणार आहे.

## पाणी उलटं का वागतं?

जत्रेतली गर्दी आठवा. खांद्याला खांदा लागलेला, कोणी कोणाचा हात धरलेला नाही. थोड्या जागेत पुष्कळ माणसं मावतात. आता त्याच अंगणात बायकांनी हात ताणून फुगडीचा फेर धरला. माणसं तेवढीच, पण मध्ये मोकळं अंगण सुटलं.

पाण्याचा रेणू ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू मिळून होतो. शेजारच्या रेणूंचे हात धरायची त्याला सवय असते. या धरण्याला हायड्रोजन बंध म्हणतात. बर्फात प्रत्येक रेणू नेमके चार शेजारी, ठरलेल्या कोनांत, धरून उभा असतो. त्यातून सहा कोनी पोकळ खोल्या तयार होतात. ती पोकळी म्हणजेच आपला "माणसाचा फरक".

पातळ पाण्यातही रेणू हात धरतात, पण सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या हिश्शात सोडतात. पाणी थंड होऊ लागलं की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. धक्काबुक्की कमी होते, म्हणून रेणू जवळ येतात. आणि हात धरणं वाढतं, म्हणून जागा सुटते. चार अंशांच्या वर पहिली गोष्ट जिंकते, खाली दुसरी. नेमकी बरोबरी होते ती ३.९८ अंशांना. हा आकडा शुद्ध पाण्याचा आणि साध्या हवेच्या दाबाचा; मीठ घातलं किंवा दाब वाढवला की तो सरकतो.

गोठताना फुगणारं पाणी एकटं नाही. बिस्मथ, गॅलियम आणि संगणकाच्या चिपमधलं सिलिकॉनही गोठताना फुगतं. तळी मात्र पाण्याची असतात.

## तळं गोठतं कसं?

थंड मुलखातलं दहा मीटर खोल तळं घेऊ. हिवाळा तोंडावर आहे, पाणी १५ अंशांवर आहे. रात्रीच्या गार हवेने वरचा थर १४ वर आला. तो जड झाला, खाली गेला. खालचं कोमट पाणी वर आलं, तेही गार झालं, तेही खाली गेलं. या वरखाली फिरण्याला अभिसरण म्हणतात. भाताचा टोप चुलीवर असताना दाणे जसे फिरतात, तसंच. फक्त तिथे तापवणं खालून असतं, इथे गार करणं वरून.

या फिरण्यात तळ्याचा प्रत्येक थेंब कधी ना कधी हवेला लागून येतो आणि प्राणवायू घेऊन खाली जातो. हिवाळ्याची ही शिदोरी आहे.

सगळं तळं चार अंशांवर येतं आणि हे फिरणं थांबतं. आता वरचा थर तीन अंशांवर गेला तर तो जड न होता हलका होतो, वरच राहतो. म्हणजे यापुढे थंडीला सगळं तळं गार करायचं नसतं, फक्त वरची साय. वारा पडलेल्या एखाद्या निरभ्र रात्री ती साय शून्यावर येते आणि सकाळी बर्फाचा पापुद्रा दिसतो.

बांगड्याच्या फरकाने काय साधलं, ते मोजता येतं. दहा मीटर खोलीच्या प्रत्येक चौरस मीटरखाली दहा हजार किलो पाणी असतं. ते सगळं चारवरून शून्यावर आणायला साधारण १ लाख ६७ हजार किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. तेवढ्याच उष्णतेच्या हिशेबात ५५ सेंटिमीटर जाड बर्फ गोठतो. पाणी तुपासारखं वागत असतं, तर बर्फ धरण्याआधी तळ्याने ही सगळी शिल्लक उधळली असती. बर्फ कितीतरी उशिरा आला असता आणि आला तेव्हा तळही शून्यावर असता. चार अंशांमुळे बर्फ लवकर येतो, आणि लवकर येणं तळ्याच्या फायद्याचं आहे, कारण बर्फ म्हणजे झाकण.

## झाकण आणि त्यावरची गोधडी

झाकण पडल्यावर काय होतं, याकडे शाळेची पुस्तकं फारसं बघत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पहिली गोष्ट: एक किलो पाणी शून्याला असताना त्याचा शून्याचाच बर्फ व्हायला ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. हा अप्रकट उष्मा. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी ८० अंशांवरून शून्यावर आलं असतं. म्हणजे बर्फाचा प्रत्येक नवा थर धरायला थंडीला भली मोठी किंमत मोजावी लागते.

दुसरी: ती उष्णता बाहेर जाणार कुठून? बर्फातूनच. बर्फ जितका जाड, तितकी वाट लांब. बाहेर उणे १० अंश आणि बर्फ अर्धा मीटर जाड असेल, तर एका चौरस मीटरमधून दर सेकंदाला साधारण ४४ ज्यूल, म्हणजे ४४ वॅट, बाहेर पडतात. म्हणून बर्फ सुरुवातीला भरभर वाढतो आणि मग रेंगाळतो. थंडी तीच राहिली तर जाडी दुप्पट व्हायला चौपट दिवस लागतात.

तिसरी: वर २० सेंटिमीटर हिम पडलं की तेच ४४ वॅट आठ वॅटच्या आसपास येतात. एका लहान एलईडी बल्बाइतके. भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते, कापसाच्या गोधडीत असते तशीच.

गोठलेल्या तळ्यांवर फिरायला जाणारे इथेच फसतात. वर पांढरंशुभ्र हिम जाड दिसलं की खालचा बर्फ पक्का असणार, असं वाटतं. हिमाने थंडी अडवल्यामुळे तिथला बर्फ उघड्या जागेपेक्षा पातळ असण्याचीच शक्यता जास्त. थंड देशांतला ठोकताळा असा: चालणाऱ्या एका माणसासाठी काचेसारखा स्वच्छ, सलग बर्फ निदान १० सेंटिमीटर हवा, बर्फ पांढरट, बुडबुड्यांचा असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची. झरे, वाहतं पाणी, गवताची कडा, होडीने फोडलेल्या वाटा इथे हा हिशेबही चालत नाही. दल सरोवर तर उथळ आणि आतून झऱ्यांचं. किनाऱ्यावरून फोटो काढावा आणि परत यावं.

आता बर्फ जड असता तर? प्रत्येक नवा पापुद्रा तुपाच्या रव्यासारखा तळाला गेला असता. वर झाकण कधीच धरलं नसतं, पाणी उघडंच राहिलं असतं आणि उघड्या पाण्यातून उष्णता कितीतरी पटींनी भरभर जाते. तळं खालून भरत आलं असतं. उन्हाळ्यातलं ऊन वरचं पाणी तापवतं. ते कोमट पाणी हलकं म्हणून वरच राहतं, त्यामुळे तळचा बर्फ पुरता वितळलाही नसता. तळ्यातल्या जिवांना वाचवणारी मुख्य गोष्ट ही आहे: माणसाचा फरक. बांगडा मदतनीस.

## "पण आमच्या फ्रीजरमध्ये बर्फ सगळीकडून धरतो"

बरोबर आहे. बर्फ कुठून धरणार, हे थंडी कुठून येते त्यावर ठरतं. जेटीवर माशांसाठी येणारी बर्फाची लादी फोडताना पाहा: बाजू काचेसारख्या, मधला गाभा दुधाळ. कारखान्यात पाण्याचे उंच डबे साधारण उणे १० अंशांच्या मिठाच्या पाण्यात बुडवलेले असतात. थंडी चहूबाजूंनी येते, बर्फ भिंतींकडून आत सरकतो. बर्फाच्या जाळीत मीठ आणि हवा बसत नाही, म्हणून विरघळलेलं सगळं पुढे ढकललं जातं आणि शेवटी गोठणाऱ्या गाभ्यात बुडबुडे होऊन अडकतं. लादीचा माथा फुगून वर येतो, तो माणसाच्या फरकाने.

तळ्याला मात्र थंडी एकाच बाजूने लागते, वरून. तळाची जमीन उन्हाळ्यातली ऊब धरून असते. म्हणून तळ्याचा बर्फ वरून खाली वाढतो, कचरा खाली ढकलत जातो आणि कारखान्याच्या लादीपेक्षा स्वच्छ निघतो.

घरातली दुसरी चूकही इथलीच. काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये ठेवली की फुटते, कारण एक लिटर पाण्याचा जवळपास १,०९० मिलिलिटर बर्फ होतो. लिटरमागे निदान शंभर मिलिलिटर जागा सोडावी. आणि बाटलीची मान अरुंद असेल तर तेवढ्यानेही भागत नाही, कारण आधी मानेत बूच धरतं आणि खालच्या पाण्याला वर सरकायला वाट उरत नाही.

## चार अंश डोळ्यांनी पाहायचे असतील तर

एडिंबरामधले रसायनशास्त्रज्ञ थॉमस चार्ल्स होप यांनी १८०५ च्या सुमारास हा प्रयोग केला. शाळेत तो "होपचे उपकरण" म्हणून येतो, बहुतेकदा फक्त चित्रात. घरी करता येतो.

दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचं निमुळतं तोंड कापून टाका. वायरवाले दोन डिजिटल थर्मामीटर लागतील: एकाचं टोक तळापासून दोन सेंटिमीटर वर, दुसऱ्याचं पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन सेंटिमीटर. बाटली थर्मोकोलवर ठेवा आणि मधला पट्टा सोडून वरखाली थर्मोकोल किंवा जाड टॉवेल गुंडाळा. फ्रीजमधलं आठ-दहा अंशांचं पाणी भरा. मधल्या पट्ट्याभोवती कुटलेला बर्फ आणि जाडं मीठ, वजनाने तीनास एक, पिशवीत भरून घट्ट बांधा.

आधी खालचा थर्मामीटर उतरू लागतो, वरचा जवळपास ढिम्म. मध्ये गार झालेलं पाणी जड होऊन खाली जातं आहे. खालचा चारच्या आसपास येऊन अडतो. मग, आणि हाच पाहण्याजोगा क्षण, वरचा उतरायला लागतो आणि खालच्याला मागे टाकून शून्याकडे जातो. चारखाली गेलेलं पाणी आता वर निघालं आहे.

बिघडतं कुठे? नळाचं २८ अंशांचं पाणी घेतलं तर बर्फ संपतो, पाणी चारवर येतच नाही. बाटली थेट ओट्यावर ठेवली तर ओट्याची ऊब तळात शिरते आणि खालचा आकडा पाच-सहावरच थांबतो. आपल्याकडच्या हवेत ही चूक सर्वाधिक होते. बर्फाची पिशवी घसरून तळाशी गेली तर निकाल उलटासुलटा येतो. "सगळीकडे सारखं होऊ दे" म्हणून कोणी चमचा फिरवला तर संपलंच. आणि थर्मामीटरची आधी परीक्षा घ्या: कुटलेला बर्फ आणि स्वच्छ पाणी यांच्या गिचक्यात तो शून्य दाखवायला हवा. अर्धा अंश चुकत असेल तर तेवढा वजा करून वाचा.

## मासे गोठत नाहीत का?

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त साधारण उणे अर्ध्या अंशाला गोठतं, कारण त्यात क्षार असतात. बर्फाखालचं पाणी शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे बर्फाला पाठ लागली तरी मासा गोठणार नाही. प्रश्न गोठण्याचा नसून खर्चाचा असतो. माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर उतरतं, आणि दहा अंश उतरले की शरीराचा खर्च निम्मा किंवा त्याहून कमी होतो. चार अंशांत मासा तळाशी जवळपास स्थिर असतो, क्वचित खातो. काही जातींचे बेडूक चिखलावर पडून कातडीतून श्वास घेतात. आपल्या गोल्डफिशचा युरोपातला भाऊबंद असलेला क्रुशियन कार्प तर प्राणवायू संपल्यावरही तग धरतो: शरीरात साठणारं आम्ल तो मद्यार्कात बदलतो आणि कल्ल्यांतून बाहेर टाकतो.

## मग हिवाळ्यात तळी मरतात ती कशाने?

गुदमरून. पाणी गार तेवढा त्यात प्राणवायू जास्त मावतो: ३० अंशांना लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम, चार अंशांना १३.१, शून्याला १४.६ (समुद्रसपाटीचे आकडे; उंचावर कमी). झाकण पडण्याआधीच्या फिरण्यात तळं ही शिदोरी भरून घेतं. पण एकदा झाकण पडलं की हवेशी संबंध तुटला. तळाचा पालापाचोळा कुजत राहतो, प्राणवायू खात राहतो. बर्फातून ऊन आत येत असेल तर शेवाळ थोडा भरून देतं. वर जाड हिम असेल तर काळोख. म्हणजे जी गोधडी ऊब राखते, तीच उजेड अडवते. उथळ, गाळाने भरलेल्या तळ्यात शिदोरीच लहान असते. तिथे हिवाळ्याच्या शेवटी प्राणवायू लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमखाली जातो आणि वसंतात बर्फ निघाल्यावर मेलेले मासे वर येतात.

थंड प्रदेशात मत्स्यपालन करणारे म्हणून बर्फावरचं काही हिम खोरून काढतात, एक तरी भोक उघडं ठेवतात. भोक पाडायला घण घालत नाहीत. धक्का पाण्यातून थेट माशांना बसतो. हवा सोडणारा पंप असेल तर तो सर्वांत खोल जागी ठेवणं ही नवख्यांची चूक. बुडबुडे तळाचं चार अंशांचं पाणी ढवळून वर आणतात, ते बाहेरच्या थंडीला लागतं आणि बघता बघता सगळं तळं शून्याजवळ येतं. पंप उथळ काठाकडे ठेवतात, म्हणजे खोल डोह न ढवळता राहतो.

हिवाळा सरताना बांगड्याचा फरक पुन्हा कामाला येतो. हिम वितळून बर्फ उघडा झाला की ऊन आत शिरतं. बर्फालगतचं पाणी शून्यावरून एक-दोन अंशांवर येतं आणि तापूनही जड होतं. ते खाली जातं, आणि झाकण अजून शाबूत असतानाच वरचं पाणी फिरू लागतं. झाकण गेल्यावर सगळं चार अंशांवर आलं की वारा तळं तळापर्यंत घुसळतो आणि नवी शिदोरी भरली जाते.

## तळाला नेहमी चार अंशच असतात का?

चित्रात असतात. खऱ्या तळ्यात वारा असतो, आणि एका बांगड्याचा फरक मोडायला फार वारा लागत नाही. मोठी, वाऱ्यावरची तळी गोठण्याआधी ढवळली जाऊन तळापर्यंत दोन अंशांवर किंवा त्याखालीही जातात. अतिखोल तळ्यांत दाबाचा परिणाम येतो: दर शंभर मीटरला सर्वांत जड पाण्याचं तापमान सुमारे ०.२ अंशाने उतरतं. रशियातल्या १,६४२ मीटर खोल बैकाल सरोवराच्या तळाशी म्हणूनच तीन अंशांहून थोडंच अधिक असतं. मासे दोन अंशांतही जगतात.

## समुद्राचं काय?

दोन गोष्टींपैकी थोरली कोणती, याचा निकाल समुद्रच देतो. पाण्यात मीठ वाढलं की गोठणबिंदू उतरतो आणि सर्वांत जड असण्याचं तापमान त्याहून वेगाने उतरतं. किलोमागे २४.७ ग्रॅम मिठाला दोघांची गाठ पडते. समुद्रात साधारण ३५ ग्रॅम असतं. म्हणजे समुद्राच्या पाण्याला चार अंशांची भानगडच नाही. ते उणे १.९ अंशाला गोठेपर्यंत जडच होत जातं. बांगडा गायब. तरी ध्रुवांकडचे समुद्र तळापासून गोठत नाहीत, आणि बर्फाखाली क्रिल या कोळंबीसारख्या जिवापासून सीलपर्यंत सगळे नांदतात. कारण बर्फ तिथेही तरंगतो.

तिथल्या माशांची अडचण मात्र खरी. उणे १.९ अंशाच्या पाण्यात उणे अर्ध्या अंशाला गोठणारं रक्त चालणार नाही. अंटार्क्टिकातल्या अनेक माशांच्या रक्तात म्हणून असं प्रथिन असतं, की जे बर्फाच्या कणाला चिकटून त्याला वाढू देत नाही.

अंटार्क्टिका गोव्याला तसा लांब नाही. भारताची पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली, आणि आज या सगळ्या मोहिमांचं काम वास्कोच्या सड्यावरील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतं. शिर्माकर नावाच्या तिथल्या उघड्या खडकाळ पट्ट्यात शंभरावर गोड्या पाण्याची तळी आहेत. त्यांतल्या प्रियदर्शिनी तळ्याच्या काठी आपलं मैत्री केंद्र उभं आहे आणि पिण्याचं पाणी त्याच तळ्यातून येतं. हिवाळ्यात तळ्यावर जाड बर्फ असतो, दोनेक महिने सूर्य उगवत नाही. झाकणाखाली पाणी पातळ असतं, आणि या तळ्यांच्या तळाला शेवाळाची साय जिवंत असते.

## झाकण उशिरा पडू लागलं तर

जपानच्या सुवा तळ्याकाठच्या देवस्थानाचे पुजारी १४४३ पासून तळं गोठल्याची तारीख लिहून ठेवत आले आहेत. अलीकडे कितीतरी वर्षांच्या नोंदी "गोठलं नाही" अशा आहेत. उत्तर गोलार्धातल्या तळ्यांच्या आणि नद्यांच्या १८४६ ते १९९५ च्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा गोठण्याची तारीख शतकामागे सरासरी ५.८ दिवसांनी पुढे गेलेली आणि बर्फ फुटण्याची ६.५ दिवसांनी अलीकडे आलेली दिसली. मासे त्याने गोठत नाहीत, पण हिशेब बदलतो: उन्हाळ्यात पाणी थरांत बांधलेलं राहण्याचे दिवस वाढतात, आणि बांधलेल्या पाण्यात तळ गुदमरतो.

## आणि आपल्या धरणांत?

आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून हे सगळं आपल्या कामाचं नाही असं वाटेल. पण टाकीचे आकडे पुन्हा पाहा. ३० अंशांच्या आसपास एका अंशाने घनता ३०० ग्रॅमने बदलते, दोन बांगड्यांहून जास्त. मे महिन्यात साळावली किंवा तिळारीसारख्या खोल जलाशयात वर ३१ अंश आणि तळाला २६ असतील असं धरा. फरक होतो १,४४० ग्रॅम. अकरा बांगडे. म्हणजे पाचच अंशांच्या फरकाने आपलं पाणी बर्फाखालच्या तळ्याच्या अकरा पट घट्ट थरांत बांधलं जातं, आणि संध्याकाळचा वारा ते सोडवू शकत नाही.

मग तेच घडतं, फक्त गारव्याऐवजी उकाड्यात. तळाशी प्राणवायू संपतो. गाळातलं लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात उतरतं. हेच पाणी नळाला आलं तर हवा लागल्यावर भांड्याला तांबूस-काळा थर धरतो. कुजलेल्या अंड्याचा वास आला तर तोही तळाचाच. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली जातं आणि थर सुटतात. पावसाळ्याचा लोंढाही ते मोडतो. मधले महिने निभावण्यासाठी धरणाच्या पाणी उचलणाऱ्या मनोऱ्याला वेगवेगळ्या उंचींवर झडपा ठेवतात. उन्हाळ्यात खालची बंद करून वरची उघडायची, पण अगदी वरचीही नाही, कारण तिथे शेवाळ असतं. पातळी उतरत जाते तशी वरची झडप कोरडी पडते आणि खालचीच उघडावी लागते. पावसाआधीच्या शेवटच्या आठवड्यांत पाण्याच्या रंगावासाच्या तक्रारी वाढण्यामागे बहुधा हेच कारण असतं.